तीव्र मलेरियात रक्तबदल: औषध सुरू झाल्यानंतरचा निर्णय आणि प्रत्यक्ष कृती

काचपट्टीवर दर चार तांबड्या पेशींमागे एक पेशी परजीवीने भरलेली दिसली की सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढणारा माणूस गप्प होतो. मग कुणीतरी विचारतं, ‘हे रक्तच काढून नवं घातलं तर?’ विचार सरळ आहे, मोहात पाडणारा आहे आणि गेली पन्नास वर्षं तो अमलातही आणला जातो. वॉर्डात त्याला एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन किंवा नुसतं ‘एक्स्चेंज’ म्हणतात. इथे मी रक्तबदल म्हणेन.

हा लेख अतिदक्षता विभागातले तरुण डॉक्टर, परिचारिका आणि रक्तपेढीतले तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे आणि ज्यांच्यापुढे संमतिपत्र ठेवलं गेलं आहे, त्यांनाही तो वाचता यावा असा प्रयत्न केला आहे. मात्र घरी किंवा साध्या दवाखान्यात करण्याची ही गोष्ट नाही. मात्रा आणि प्रमाणं लिहिली आहेत ती कामाचा अंदाज यावा म्हणून. अंतिम शब्द तुमच्या वरिष्ठांचा आणि तुमच्या रुग्णालयातल्या लेखी पद्धतीचा.

माझं मत आधीच सांगते. आर्टेसुनेट, म्हणजे तीव्र मलेरियावरचं शिरेतून द्यायचं मुख्य औषध, वेळेवर मिळत असेल तर बहुतेक रुग्णांना रक्तबदलाची गरज पडत नाही. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो करावासा वाटतो, तिथे गणित मांडून, तयारीने आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवून करावा.

रक्तबदलाने काय निघतं आणि काय निघत नाही

फॅल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत सुमारे ४८ तासांचं चक्र पूर्ण करतो. पहिल्या अर्ध्या भागात तो अंगठीसारखा दिसतो आणि रक्ताबरोबर फिरत असतो. दुसऱ्या अर्ध्यात त्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट गाठी येतात आणि ती मेंदू, मूत्रपिंड, आतडी, वार अशा ठिकाणच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. बोटातून घेतलेल्या थेंबात ही प्रौढ पिढी जवळपास दिसतच नाही. बेशुद्धी, मूत्रपिंड बंद पडणं, रक्तात आम्ल साठणं हे सगळं मुख्यतः या चिकटून बसलेल्या पेशींमुळे होतं.

शिरेतून रक्त काढलं की फिरणाऱ्या पेशी बाहेर येतात. चिकटलेल्या जागच्या जागी राहतात. रक्तबदलाच्या साऱ्या वादाचं मूळ इथे आहे. आपण मोजता येणारा शत्रू काढतो आणि लपलेला तसाच असतो.

बाजूने बोलण्यासारखंही काही आहे. तीव्र मलेरियात परजीवी नसलेल्या तांबड्या पेशीसुद्धा ताठर होतात आणि बारीक वाहिन्यांतून सहज सरकत नाहीत. दात्याच्या लवचीक पेशी आल्याने प्रवाह सुधारावा आणि प्राणवायू नीट पोचावा, हा तर्क चुकीचा नाही. संपूर्ण रक्त बदललं तर प्लाझ्मातलं मोकळं हिमोग्लोबिन आणि दाह वाढवणारे पदार्थही काही प्रमाणात निघतात. यंत्राने फक्त तांबड्या पेशी बदलल्या तर रुग्णाचा प्लाझ्मा त्यालाच परत जातो, तेव्हा हा शेवटचा फायदा मोजू नका. हा फरक संमती घेताना बऱ्याचदा सांगायचा राहून जातो.

पुरावा काय सांगतो

मलेरियात रक्तबदल केल्याची पहिली नोंद १९७४ सालची. पुढे अनेक रुग्णकथा आल्या, आणि अशा कथांत वाचलेले रुग्ण जास्त असतात. हरलेली लढाई लिहून काढायला कमी जण बसतात. २००२ साली ८ अभ्यासांतल्या २७९ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रक्तबदल झालेल्या आणि न झालेल्या गटांच्या जगण्यात फरक दिसला नाही. त्यात रक्तबदल झालेले रुग्ण मुळात जास्त आजारी होते, त्यामुळे तुलना निर्मळ नव्हती. २०१३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, रक्तबदल झालेले १०१ रुग्ण घेऊन त्यांच्याशी जुळणारे ३१४ रुग्ण शेजारी ठेवले. तरी फायदा दिसला नाही. तोपर्यंत १० टक्क्यांहून जास्त परजीवी असतील किंवा मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडं बाधित असतील तर रक्तबदलाचा विचार करा असं हे केंद्र सांगत असे. त्यानंतर ती शिफारस मागे घेतली गेली.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की कुणाला करावा, किती रक्त बदलावं, धोका किती, यावर एकमत नसल्याने कोणतीच शिफारस करता येत नाही. अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिस (अफेरेसिस म्हणजे यंत्राने रक्ताचे घटक वेगळे करून काढणं) तीव्र मलेरियाला तिसऱ्या वर्गात ठेवते: उपयोग सिद्ध नाही, निर्णय रुग्णागणिक घ्यावा. निकाल लावू शकेल अशी मोठी यादृच्छिक चाचणी झालेली नाही. म्हणून ‘उपयोग नाही हे सिद्ध झालंय’ असंही कुणी म्हणू नये आणि ‘याने जीव वाचतो’ असंही नाही.

मलेरियातल्या पूरक उपचारांचा इतिहास पाहिला की सावधपणा येतो. मेंदूच्या मलेरियात सूज उतरेल म्हणून स्टिरॉइड देत असत. १९८२ साली थायलंडमधली चाचणी प्रसिद्ध झाली आणि कळलं की डेक्सामेथासोनने बेशुद्धी लांबते आणि गुंतागुंत वाढते. तर्क तेव्हाही पटणाराच होता.

औषधाचं घड्याळ

क्विनीन मुख्यतः मोठ्या झालेल्या परजीवींवर चालतं. अंगठीच्या अवस्थेतले तरुण परजीवी त्याच्या तडाख्यातून बरेचसे सुटतात, वाढतात आणि जाऊन चिकटतात. त्या काळात फिरणाऱ्या अंगठ्या यंत्राने बाहेर काढणं शहाणपणाचं वाटत होतं, कारण ते काम औषध करत नव्हतं. आर्टेसुनेट अंगठ्यांनाच मारतं, चिकटायच्या आधी. रक्तबदलाने जे झाडून काढायचं तेच हे औषध झाडतं, आणि त्याला ना जाड कॅथेटर लागतो ना रक्ताच्या पिशव्या.

२००५ साली आशियातल्या १,४६१ रुग्णांच्या चाचणीत क्विनीन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले आणि आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. २०१० साली आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांच्या चाचणीत हेच प्रमाण १०.९ आणि ८.५ टक्के होतं. तीव्र मलेरियात मृत्यू कमी करणारं इतकं ठोस दुसरं काही हाती नाही.

आता एक हिशेब करून बघू. समजा, २४ टक्के पेशी बाधित आहेत. औषधाला दाद देणारे परजीवी, सुरुवातीचे काही तास सोडले तर, दर ३ तासांनी साधारण निम्मे होतात. पहिले ३ तास वाया गेले असं धरलं तरी १२ तासांनी उरतील २४ चे १२, ६, ३. म्हणजे ३ टक्के. दुसरीकडे एक पूर्ण रक्तबदल केला तर २४ चे जवळपास ९ टक्के उरतात. नमुना, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी), सात-आठ पिशव्या, मानेत किंवा जांघेत कॅथेटर, यंत्र आणि ते चालवणारा माणूस हे सगळं जमवायला पाच-सहा तास जाणं अगदी शक्य आहे, वर प्रक्रियेचे दोन-तीन तास. तेवढ्यात औषध त्याच जागी पोचत आलेलं असतं. रक्तबदलाचा प्रस्ताव माझ्यासमोर आला की मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून काढते.

पहिली पायरी: आर्टेसुनेट, कशाचीही वाट न पाहता

मात्रा किलोमागे २.४ मिलिग्रॅम, शिरेतून. २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम. पहिली मात्रा लगेच, मग १२ आणि २४ तासांनी, पुढे दिवसातून एकदा. किमान २४ तास इंजेक्शन आणि तोंडाने घेता येऊ लागलं की आर्टेसुनेटच्याच गटातल्या आर्टेमिसिनिन-संयुक्त गोळ्यांचा पूर्ण कोर्स. ६० मिलिग्रॅमची नेहमीची कुपी आधी सोबतच्या सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून, मग ५ मिली सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून शिरेतून देण्याजोगी होते. द्रावण करून ठेवून देऊ नका, तासाभरात वापरा. ६० किलोच्या माणसाला १४४ मिलिग्रॅम, म्हणजे तीन कुप्या फोडाव्या लागतील. दोनवर थांबणारी चूक घाईत होते.

रक्तबदल करायचा की नाही ही चर्चा मात्रा शिरेत गेल्यावर सुरू करावी. ‘एक्स्चेंजनंतर देऊ, नाहीतर औषध वाहून जाईल’ असं कुणी म्हणालं तर थांबवा. आर्टेसुनेटचं सक्रिय रूप रक्तात तास-दोन तासच असतं आणि तेवढ्यात आपलं काम करतं. पुढची मात्रा प्रक्रियेच्या मध्ये येत असेल तर ती ठरल्या वेळीच द्या.

त्याच वेळी साखर तपासा. डेसिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली साखर बेशुद्धीचं कारण असू शकते, आणि ती दोन मिनिटांत दुरुस्त होते. रक्ताचं कल्चर पाठवा, विशेषतः मुलांत, कारण मलेरियाबरोबर जिवाणूंचा संसर्गही असू शकतो.

दुसरी पायरी: काउंट नीट मोजा

काउंट म्हणजे शंभर तांबड्या पेशींमागे किती बाधित. ‘परजीवी भरपूर’, ‘प्लस फोर’ अशा शब्दांवर निर्णय घेता येत नाही. पातळ स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर), जीम्साचा रंग, तेलाचं भिंग आणि किमान १,००० तांबड्या पेशी. बाधित पेशी मोजायच्या, परजीवी नव्हे. एका पेशीत तीन अंगठ्या असल्या तरी ती एकच. १० टक्क्यांच्या वर गेलेला काउंट जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत स्वतःच तीव्रतेची खूण आहे.

तंत्रज्ञांना आणखी दोन गोष्टी विचारा: परजीवी बहुतांश अंगठ्या आहेत की रंगद्रव्य धरलेले मोठे, आणि पांढऱ्या पेशींत गिळलेलं रंगद्रव्य किती दिसतं. मोठे परजीवी बरेच असतील तर लपलेला भारही मोठा आहे, आणि वाहिन्यांत अडकलेल्या त्या भाराला रक्तबदल हात लावत नाही.

रॅपिड टेस्टची पट्टी निदानाला उपयोगी, पाठपुराव्याला नाही. तिच्यातलं प्रथिन परजीवी मेल्यानंतरही कित्येक आठवडे रक्तात राहतं.

आणि औषधानंतरच्या पहिल्या काही तासांत काउंट वाढलेला दिसला तर घाबरू नका. चिकटलेल्या पेशी फुटून नवी पिढी रक्तात आली की आकडा वर जातो. औषध निकामी आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

तिसरी पायरी: कारण लिहून काढा

फाइलमध्ये एक वाक्य लिहा: ‘रक्तबदल करत आहोत, कारण…’ ते ‘काउंट खूप आहे’ एवढ्यावरच संपत असेल तर पुन्हा विचार करा.

मला पटणारी कारणं थोडी आहेत. पहिलं, आर्टेसुनेट मिळतच नाही, क्विनीनवर भागवावं लागतंय, काउंट फार वर आहे आणि अवयव बंद पडू लागले आहेत. दुसरं, औषध योग्य मात्रेत देऊनही काउंट उतरत नाही. आर्टेमिसिनिनला अंशतः न जुमानणारे परजीवी मेकाँगच्या खोऱ्यात आणि अलीकडे रवांडा, युगांडा, इरिट्रिया इथे आढळले आहेत. रुग्ण तिकडून आला असेल तर मंद उतार गांभीर्याने घ्या. तरीही आधी मात्रा, वजन, कुपी आणि इंजेक्शनच्या वेळा तपासा. सर्वांत जास्त वेळा दोष तिथेच सापडतो.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही, पण मला ते सर्वांत व्यवहार्य वाटतं. हिमोग्लोबिन धोकादायक खाली आहे, रक्त द्यावंच लागणार, पण मूत्रपिंडं बंद आहेत आणि फुप्फुसांत पाणी भरू लागलंय. अशा रुग्णाला वरून दोन पिशव्या चढवल्या तर तो त्यातच गुदमरेल. काढत काढत भरलं तर एकूण आकारमान न वाढवता हिमोग्लोबिन वर आणता येतं. इथे बाधित पेशी निघणं हा वरचा लाभ.

उलट बाजूला, रक्तदाब टिकत नाही, तापमान किंवा कॅल्शियम सावरलेलं नाही, रक्तपेढीत पुरेसा साठा नाही, किंवा रात्री सलग तीन तास खाटेजवळ उभा राहील असा माणूस नाही, यांतलं काहीही असेल तर नको. फक्त रक्तक्षय असेल आणि पाण्याचा ताण नसेल, तर साधं रक्त चढवणंच बरं. त्या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

चौथी पायरी: नातेवाइकांशी बोलणं

घाबरलेल्या माणसाला ‘रक्त बदलणार’ हे शब्द जादूसारखे ऐकू येतात, म्हणून अपेक्षा खरी ठेवा. मी साधारण असं सांगते: ‘काका, मुख्य औषध सुरू झालंय आणि बरं करणारं तेच आहे. रक्त बदलल्याने जंतूंची संख्या लवकर खाली येईल, पण त्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते असं अजून सिद्ध झालेलं नाही. आम्ही ते का सुचवतोय ते सांगते. त्यात रक्तस्राव, संसर्ग, ठोके बिघडणं असे धोके आहेत. तुम्ही नको म्हणालात तरी बाकीच्या उपचारात काही कमी होणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका.

पाचवी पायरी: गणित

प्रौढात किलोमागे सुमारे ७० मिली रक्त धरा, मुलांत ८०. ६० किलोच्या माणसात ४,२०० मिली. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ३० टक्के असेल तर त्यातल्या तांबड्या पेशी १,२६० मिली. पॅक्ड सेलच्या (बराचसा प्लाझ्मा काढून घट्ट केलेल्या तांबड्या पेशींच्या) पिशवीत हिमॅटोक्रिट ६० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून १,२६० ला ०.६ ने भागा: २,१०० मिली. ३०० मिलीची पिशवी धरली तर ७ पिशव्या.

एवढं सगळं बदलूनही सर्व जुन्या पेशी निघत नाहीत, कारण नवं रक्त जुन्यात मिसळत जातं आणि आपण ते मिश्रण काढत असतो. एकपट बदलल्यावर जुन्या पेशींपैकी सुमारे ३७ टक्के उरतात, दुप्पट बदलल्यावर १४ टक्के. २४ टक्के काउंट पहिल्यानंतर ९ वर, दुसऱ्यानंतर ३ वर येतो. दुसऱ्या सात पिशव्यांनी पहिल्या सातांच्या निम्म्याहून कमी काम केलं. पिशव्यांमागचा धोका मात्र तेवढाच राहिला. म्हणून मी एकपटीवर थांबून, पुन्हा स्मिअर पाहून मगच पुढे जाण्याच्या बाजूची आहे.

शेवटचा हिमॅटोक्रिट किती हवा तेही आत्ताच ठरवा. ३० च्या आसपास पुरे. वर नेलात तर रक्त दाट होतं आणि ज्या प्रवाहासाठी खटाटोप केला तोच अडतो.

सहावी पायरी: रक्तपेढीला फोन, आणि त्याआधी एक नळी बाजूला

या टप्प्यावरची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून तिला मी जागा देते आहे. दात्याच्या पेशी शरीरात गेल्या की रुग्णाच्या स्वतःच्या तांबड्या पेशींबद्दलच्या चाचण्या कित्येक आठवडे फसव्या होतात. जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणाऱ्या विकराची) चाचणी दात्याची पातळी दाखवेल. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचंही तेच. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचा मिश्र संसर्ग निघाला आणि पुढे प्रायमाक्विन द्यावं लागलं, तर जी-सिक्स-पीडीचं खरं उत्तर अत्यंत गरजेचं असतं. कमतरता असलेल्या माणसाला ते औषध दिलं की पेशी फुटतात. म्हणून पहिली पिशवी जोडण्याआधी जी-सिक्स-पीडी, रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी, आणि एक जादा नळी. लेबलवर ‘रक्तबदलापूर्वी’ असं लिहून तारीख आणि वेळ घाला. मूत्रपिंडं बंद असतील तर त्याच रक्तात पोटॅशियम बघा.

मागणी करताना आकडा, कारण आणि वेळ तिन्ही सांगा. गट जुळलेलं, पूर्ण क्रॉसमॅच केलेलं, सिकल हिमोग्लोबिन नसलेलं, शक्य तितकं ताजं रक्त मागा. जुन्या पिशवीत पोटॅशियम साठलेलं असतं. हाताने संपूर्ण रक्त बदलायचं असेल तर पॅक्ड सेलबरोबर प्लाझ्माही लागतो, नाहीतर गोठण्याचे घटक विरळ होतात. प्लेटलेट्स मलेरियात आधीच कमी असतात आणि या प्रक्रियेत आणखी उतरतात, तेव्हा त्यांची सोय विचारून ठेवा.

सातवी पायरी: यंत्राने की हाताने

अफेरेसिसचं यंत्र असेल तर तेच वापरा. त्याला लिंग, उंची, वजन, रुग्णाचा आणि पिशवीचा हिमॅटोक्रिट, शेवटी किती जुन्या पेशी उराव्यात आणि शेवटचा हिमॅटोक्रिट हे आकडे द्यावे लागतात. एकपटीसाठी ‘उरलेल्या पेशी’ ३७ टक्के भरा. काढणं आणि भरणं ते एकाच वेळी करत असल्याने रक्तदाबाला झोके बसत नाहीत. डायलिसिसला वापरतात तसा दोन वाटांचा जाड कॅथेटर लागतो. प्लेटलेट्स कमी असताना तो अनुभवी हाताने आणि अल्ट्रासाउंड पाहूनच घाला. लहान मुलाच्या बाबतीत यंत्राच्या नळ्यांत जाणारं रक्तच त्याला झेपणार नाही, म्हणून त्या नळ्या आधी दात्याच्या रक्ताने भरून घ्यायच्या.

यंत्र नसेल तर हाताने. रक्त धमनीच्या लाइनमधून किंवा मोठ्या शिरेतून काढायचं आणि दुसऱ्या शिरेतून भरायचं. धमनीतून फक्त काढायचं. तिथून काहीही आत ढकलायचं नाही, आणि गोंधळ होऊ नये म्हणून दोन्ही नळ्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा. एका टप्प्यात किलोमागे ५ मिलीपेक्षा जास्त काढू नका, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३०० मिली. काढलं तेवढं भरा, नोंद करा, मग पुढचा टप्पा.

नोंदीसाठी एक माणूस पूर्ण मोकळा ठेवा. त्याच्या हातात कागद, त्यावर वेळ, काढलं, भरलं, आतापर्यंतचा फरक. हा माणूस दुसरं काहीही करणार नाही. तासाभरानंतर ‘तीन टप्पे झाले की चार?’ हा प्रश्न उभा राहिला तर रुग्णाच्या अंगात एका टप्प्याची, म्हणजे ३०० मिलीची चूक सहज जमा होऊ शकते, आणि मलेरियातली फुप्फुसं ती माफ करत नाहीत.

आठवी पायरी: सुरू असताना

रक्त तापकातूनच द्या. साठवणीतलं थंड रक्त दोन लिटर गेलं तर शरीर गारठतं, ठोके बिघडतात. पिशवी कोमट पाण्यात बुडवणं किंवा हीटरजवळ ठेवणं नको, पेशी फुटतात.

सर्वांत जास्त लक्ष कॅल्शियमवर हवं. पिशवीत आणि यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं आणि ते रक्तातलं मोकळं कॅल्शियम बांधून टाकतं. शुद्धीतला रुग्ण ओठांभोवती मुंग्या आल्याचं सांगेल, पण आपला रुग्ण बहुधा सांगण्याच्या अवस्थेत नसतो. त्याची तक्रार मॉनिटरवर दिसते: क्यूटी (हृदयाच्या आलेखावरचं एका ठोक्यातलं ठरावीक अंतर) लांबतो, रक्तदाब उतरतो. यकृत आजारी असेल तर सायट्रेट निकामी व्हायलाही वेळ लागतो. आयनाइज्ड कॅल्शियम सुरुवातीला आणि दर अर्ध्या तासाने तपासा, लिटरमागे १ मिलिमोलच्या वर ठेवा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट भरून हाताशी असू द्या. ते रक्ताच्या नळीतून देऊ नका, तिथेच गुठळ्या होतात. क्विनीनही क्यूटी लांबवतं, म्हणून ते चालू असेल तर सावधगिरी दुप्पट.

साखर दर अर्ध्या तासाने. नाडी, दाब, श्वास, प्राणवायू, तापमान पहिल्या अर्ध्या तासात दर ५ मिनिटांनी, मग दर १५. रक्ताची प्रत्येक पिशवी स्वतंत्रपणे दोघांनी तपासायची. सातवी पिशवीसुद्धा पहिलीसारखीच. थकव्यात चुकीचं रक्त लागण्याचा धोका शेवटच्या पिशव्यांना जास्त असतो.

दाब घसरला, श्वास वाढला, अंगावर पित्त उठलं, लघवी काळी झाली किंवा ठोके बिघडले तर थांबा. यंत्र थांबवणं हा पराभव नाही. तोवर जे बदललं तेवढं पुरे.

नववी पायरी: थांबणं आणि नंतरचे दिवस

ठळक सुधारणा दिसली किंवा काउंट ५ टक्क्यांच्या खाली आला की थांबायचं. शून्यापर्यंत नेण्याचा हट्ट नको. संपल्यावर तासाभरात स्मिअर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, कॅल्शियम, पोटॅशियम, लॅक्टेट (रक्तात साठणाऱ्या आम्लाचं माप). मग दर ६ ते १२ तासांनी स्मिअर. लगेचचा कमी झालेला आकडा हा पेशी विरळ केल्याचा परिणाम आहे. चिकटलेली पिढी फुटली की काउंट पुन्हा थोडा चढू शकतो, तेव्हा औषधाच्या मात्रा कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका. लघवी होते का, लॅक्टेट उतरतं का, शुद्ध येते का, हे प्रश्न काउंटपेक्षा मोठे आहेत. कॅथेटरचं काम संपलं की तो काढा.

पाणी हातचं राखून द्या. २०११ साली आफ्रिकेतल्या मुलांच्या चाचणीत भराभर दिलेल्या सलाइनने मृत्यू वाढले होते, आणि त्यात मलेरियाची मुलं बरीच होती. तीव्र मलेरियाच्या प्रौढाची फुप्फुसं काउंट शून्यावर आल्यानंतरही पाण्याने भरू शकतात.

घरी सोडताना एक गोष्ट राहून जाते. आर्टेसुनेटनंतर एक ते तीन आठवड्यांनी काही रुग्णांच्या तांबड्या पेशी अचानक फुटू लागतात. प्लीहा मेलेले परजीवी पेशीतून खुडून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. अशा पेशींचं आयुष्य कमी असतं आणि त्या एकदम संपतात. सुरुवातीचा काउंट जितका जास्त तितका हा धोका जास्त, म्हणजे आपल्या या रुग्णालाच सर्वांत जास्त. रक्तबदल झालाय म्हणून यातून सूट मिळत नाही. डिस्चार्ज कार्डावर ७, १४, २१ आणि २८ व्या दिवसाच्या तारखा स्पष्ट लिहा, प्रत्येक तारखेपुढे ‘हिमोग्लोबिन’ लिहा, आणि काकांना दाखवून सांगा की लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले किंवा चालताना धाप लागली तर तारखेची वाट न पाहता यायचं. जी-सिक्स-पीडीचा ‘रक्तबदलापूर्वी’चा अहवालही त्याच कार्डाला टाचा.